समुद्राला पाठ न दाखवणारी वाट

नांदेरी बंदराच्या पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत उभं राहून लाटाईच्या डोंगराकडे पाहिलं, की नवख्या माणसाला पहिली शंका येते ती वाट आखणाऱ्याच्या डोक्याबद्दल. माथ्यावर लाटाई देवीचं देऊळ आहे, आणि डोंगर म्हणाल तर फार उंच नाही. समोर जांभ्या दगडाची सरळ उभी पाखाडी आहे, मोजून एकशे चाळीस पायऱ्या. पायात दम असलेला माणूस तोंडातला विडा संपायच्या आत वर पोचावा. पण त्या पाखाडीने चढताना कुणी दिसायचं नाही. उतरतात सगळे तिथून, चढत मात्र कुणी नाही. चढणारे जातात शेजारच्या तांबड्या मातीच्या वाटेने, आणि ती वाट डोंगराच्या समुद्राकडच्या अंगावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी अकरा वेळा फिरून वर जाते. पाऊण तास लागतो.

हल्ली पुण्या-मुंबईचे लोक या वाटेवर पाठीला पिशव्या लावून चालायला येतात, गिअरच्या सायकली घेऊनही येतात. ग्रामपंचायतीने पायथ्याला मोठी पाटी लावली आहे, वाटेची लांबी लिहिली आहे, बसायला बाकडी ठेवली आहेत. पाटीवर एक गोष्ट मात्र लिहिलेली नाही. प्रत्येक वळणावर सायकलवाल्याला उतरावं लागतं. डोंगराच्या बाजूने हँडल फिरवून सरळ निघून जाता येत असतं, तरी सायकल उचलून, तोंड समुद्राकडे करून, तिकडून वळवायची असते. आणि माथ्यावर सडा लागला, सपाटी आली, आता मारावी सायकल वाऱ्यासारखी असं वाटतं, तर तिथे साठ पावलं आडवं चालायचं. कुर्लीसारखं, म्हणजे खेकड्यासारखं. सायकल असली तर तीही तशीच, बाजूला फरफटत.

हे सगळं कशासाठी, असं पायथ्याच्या तातूकाका गुरवांना विचारावं. त्यांच्याकडे कोकम सरबतही मिळतं आणि उत्तरही. सरबताचे पैसे पडतात, उत्तर फुकट आहे. पण एका ग्लासात ते संपत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

तर तातूकाका सांगतात ते असं.

आगबोटी यायच्या आधीची गोष्ट. नांदेरीत धाकूशेट तायशेटे नावाचे एक व्यापारी होते. नारळ, सुपारी घेऊन त्यांची गलबतं उत्तरेला जात आणि गूळ, डाळी, कापड घेऊन परत येत. माणूस दिलदार, गप्पिष्ट, दारी आलेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारा. पण घासाघीस हा त्यांचा श्वास होता. समोरच्याने दहा म्हटलं की त्यांच्या तोंडातून पाच निघालंच म्हणून समजा. मग ते दहा काय होते, हे नंतर विचारत. सुतार म्हणाला, दार करायला आठ दिवस लागतील, की हे म्हणणार, चार. वैद्य म्हणाला, काढा दोन वेळा घ्या, की हे म्हणणार, एकदाच घेतो. घरातही तेच. त्यांची बायको आवडाबाई काही सांगू लागली, की अर्ध्या वाक्यावर शेट म्हणत, "बरं बरं, कळलं." अर्धंच ऐकायचं, हा त्यांचा बायकोशी ठरलेला भाव.

एका कार्तिकात शेट स्वतः गलबतावर चढले. त्यांच्या भागीचं, एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरलं होतं आणि लग्नाचा गूळ दुसऱ्या कुणी पारखून आणावा हे त्यांना पटेना. गूळ चांगला मिळाला. परतीच्या वाटेवर, लाटाईचा डोंगर दिसू लागला असताना, वादळ उठलं.

असं म्हणतात, की त्या वादळात नांदेरीच्या पुळणीवरच्या माडांचे शेंडे जमिनीला टेकत होते. गलबतावर आठ माणसं. शेट डोलकाठीला मिठी मारून, लाटांकडे पाठ करून, डोळे मिटून बसले होते. गलबत हाकणारा तांडेल होता बुधाजी, शेटच्या तीन गलबतांवर म्हातारा झालेला. तो ओरडला, "शेट, दर्या खवळला की त्याला पाठ दाखवू नये! तोंड फिरवा! लाट बघा आणि धरा!"

शेटनी तोंड फिरवलं. जे दिसलं ते पाहून फिरवलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटलं.

मग जो तो नवस बोलू लागला. बुधाजीने पाच नारळ बोलले. सुकाणूवरच्याने कोंबडा बोलला. शेटनीही हात जोडले आणि सवयीने सुरुवात खालून केली. "आई लाटाई, वाचव. एक नारळ देईन."

लाट आली ती शिडाचा कोपरा घेऊन गेली.

"बरं, पाच!"

दुसरी लाट पाण्याचं पिंप घेऊन गेली.

"साडी-चोळी देईन! खण-नारळासकट!"

वारा आणखी चढला. "चांदीचे डोळे!" शेट ओरडले. "चांदीचे डोळे करून घालीन, आई!"

"शेट, देवीशी घासाघीस कसली करताय?" बुधाजी किंचाळला. "हातचं राखू नका, माणसं मरतील!"

आता पाहा, मरणाच्या दारातसुद्धा माणसाचा स्वभाव कसा जागा असतो. चांदीचे डोळे हे शब्द तोंडातून गेले आणि शेटच्या मनात आलं, की चांदी काही स्वस्त नाही. देवीला आवडेल असं, पण आपल्याला काही न पडणारं, असं काय असेल? मघाशी तांडेल जे बोलला ते त्यांच्या कानात होतंच. शेट ओरडले, "आई, चांदीचे डोळे राहू देत! त्यापेक्षा मोठं बोलतो. पुळणीला पाय लागतील तिथून तुझ्या उंबऱ्यापर्यंत चालत येईन, आणि एका पावलालाही दर्याला पाठ दाखवणार नाही!"

आणि वारा पडला. असा पडला, म्हणे, की पाखडून झाल्यावर कुणी सूप भिंतीला टेकवून ठेवावं. गलबत डुलत डुलत पुळणीकडे आलं. सातही माणसं शेटकडे बघत होती. सौदा झाला होता, साक्षीदारांसह.

पुळणीवर आख्खा गाव उभा होता. आवडाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेट ओल्या धोतराने उतरले आणि घरी निघाले. पारोशाने देवळात जाऊ नये, हे सगळ्यांना मान्य होतं. शेट आंघोळ करून जेवले, झोपले, उठले, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की नवसाला तिथी ठरलेली नाही. या वर्षी, पुढच्या वर्षी, कधीही फेडावा! ते खूश झाले.

पण गलबताचा दोर सोडायची तिथी बुधाजीनेही ठरवली नव्हती.

भागीच्या लग्नाचा मुहूर्त मार्गशीर्षात होता, बरोबर एकवीस दिवसांवर. नवऱ्या मुलाचे आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या डोळ्यांदेखत लग्न व्हावं म्हणून ते मुलाच्या गावी करायचं ठरलं होतं. गाव उत्तरेला, गलबताने दोन दिवसांवर. जमिनीवरून जावं तर मध्ये सात खाड्या आणि सोबत म्हाताऱ्या, पापडांचे डबे आणि नवरी. शेट बंदरावर गेले आणि म्हणाले, "बुधाजी, वऱ्हाड न्यायचंय. गलबत सजवायला घे."

बुधाजी हाताची घडी घालून उभा राहिला. "नवस फेडलात?"

"फेडीन की. लग्न होऊ दे."

"मग दोर सुटायचा नाही, शेट. देवीचा सौदा अर्धवट ठेवलेल्या माणसाला मी पाण्यावर नेणार नाही. मी काय, या बंदरात कोण नेतो ते बघा."

शेटनी पाहिलं. मुसलमान तांडेल पाहिले, खारवी पाहिले, भंडारी पाहिले. दुप्पट देतो म्हणाले. शेट दुप्पट देतो म्हणतात हे ऐकून तर लोक जास्तच घाबरले.

घरी आले तर भागी लुगड्याच्या घड्या करत बसली होती. घडी केलेलं लुगडं तिने उलगडलं आणि पुन्हा घडी घालायला घेतलं. शेटना ते पाहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोंगराखाली उभे राहिले. तेव्हा पाखाडी नव्हती, उभी पायवाट होती. डोंगर पूर्वेला, समुद्र पश्चिमेला, देऊळ माथ्याच्या पार पलीकडच्या टोकाला, खाडीच्या अंगाला. खाडीकडून चढावं तर तिथे कडा तुटलेला. म्हणजे वर जायचं तर समुद्राला पाठ आलीच.

"अहो, मी काय म्हणते," आवडाबाई म्हणाल्या, "जरा ती गुरं..."

"बरं बरं, कळलं," शेट म्हणाले आणि डोंगराकडे पाठ करून उलटे चढू लागले.

सतराव्या पावलाला ते करवंदीच्या जाळीत बसले. काटे आवडाबाईंनी आणि त्यांच्या जावेने काढले. त्यानंतर दोन दिवस शेट पालथे झोपून गिऱ्हाइकांशी बोलत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आरसा आणला. आरसा तोंडासमोर धरून सरळ चढायचं. आरशात समुद्र दिसतोच, म्हणजे तोंड समुद्राकडेच झालं. देवळाचे गुरव होते राघो, तातूकाकांचे कितव्या पिढीचे कोण ते तातूकाकांनाच ठाऊक. ते थंडपणे म्हणाले, "शेट, तुम्हाला दर्या दिसण्याचा करार नाही. दर्याला तुम्ही दिसायला हवेत."

"अहो, मी काय म्हणते, ती गुरं..."

"तू थांब गो, इथे अक्कल चालवावी लागतेय."

ती अक्कल अशी चालली, की शेटनी शिमग्याच्या खेळातला संकासुराचा मुखवटा मागून आणला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला बांधला. पुढे शेट, मागे संकासुर. समुद्राला तोंड दिसलं म्हणजे झालं, कुणाचं ते कुठे ठरलंय? राघो गुरवांनी या बाबतीत स्वतः बोलायचं नाकारलं आणि देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे वाट पाहत बसले, शेट तेवढे डोंगराखाली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. नुसती पडली नाही. लोक सांगतात, उडून डोंगर उतरून शेटच्या मांडीवर येऊन बसली.

"आईला संकासुर नको," राघो गुरव खाली येऊन म्हणाले. "धाकूच पाहिजे."

आता मुहूर्ताला सोळा दिवस उरले. शेटचं त्या दिवशी दुकानात लक्ष नव्हतं. ओटीवर पाय सोडून बसले. गिऱ्हाईक आलं, गूळ मागितला, आपणच सांगितला तो भाव मोजून गेलं, आणि शेटच्या ध्यानातही आलं नाही, की आपण घासाघीस केली नाही. आतून आवडाबाईंनी ते पाहिलं. त्या बाहेर आल्या.

"मी काय म्हणते."

आवडाबाई जरा थांबल्या. पुढे नेहमीचं "बरं बरं" आलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण मधे न तोडलेलं वाक्य पुरं कसं करायचं याची त्यांना सवयच नव्हती. त्या अडखळल्या आणि मग एका दमात म्हणाल्या, "आपली गुरं त्या डोंगरावर चरायला जातात ती कधी सरळ चढताना पाहिलीत? आडवी जातात. डोंगराच्या कडेकडेने जातात, मग वळतात, पुन्हा आडवी जातात. पाठ दाखवायची नाही म्हणालात ना देवीला? मग कूस दाखवा. आडवं चाला, दर्या एका कुशीला राहील. वळायचं आलं की दर्याकडे तोंड करून वळा, आता दर्या दुसऱ्या कुशीला. पाठ येते कुठे?"

शेटनी बायकोकडे पाहिलं. तोंडातून सवयीने "बरं बरं" निघालं, पण पुढचं "कळलं" निघायला वेळ लागला, कारण या वेळी खरंच कळलं होतं.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

आवडाबाईंनी यावर काय उत्तर दिलं ते तातूकाका बायामाणसांसमोर सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून डोंगरावर कुदळी पडल्या. गुरांच्या पायवाटा होत्याच, त्याच रुंद केल्या, एकीला एक जोडल्या. मोठ्या कातळांना वळसे घातले. शेट स्वतः मातीच्या पाट्या उचलायला उभे राहिले. कामकऱ्यांनी नऊ दिवस लागतील म्हटलं आणि शेट चक्क म्हणाले, "लागू देत." त्या दिवशी गावात तीच बातमी होती.

मुहूर्ताला सहा दिवस उरले असताना, सकाळच्या उन्हात, शेट सोवळं नेसून, पगडी घालून गलबतात बसले आणि पुन्हा पुळणीवर उतरले, म्हणजे पाय लागायची सुरुवात नीट व्हावी. गाव खालून बघत होता. पुढे आवडाबाई, मागे शेट, त्यांच्या मागे साक्षीदार म्हणून बुधाजी आणि खलाशी.

पहिलं वळण आलं. शेट वळले ते डोंगराच्या बाजूने. अर्धे वळले होते तोच आवडाबाई ओरडल्या, "वळा! इकडे कुठे? दर्याकडून वळा!" शेट जागच्या जागी थिजले आणि एक पाय वर धरून, बगळ्यासारखे, उलट्या बाजूने फिरले. पाठ पुरी दिसली नव्हती. बुधाजीने खलाशांकडे पाहिलं, खलाशांनी मान हलवली. चाललं.

त्यापुढे आवडाबाईंनी धोका पत्करला नाही. प्रत्येक वळणावर आधीच उभ्या राहायच्या, बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "वळा." शेट वळायचे. तिसऱ्या वळणापासून खालून गावही मोजायला लागला. अकराव्या वळणानंतर ते माथ्यावर आले, आणि समोर सपाट सडा पाहून शेटचा चेहरा उतरला.

देऊळ साठ पावलांवर होतं. सरळ पूर्वेला. इथे उतार नाही, आडवं जाऊन पोचायचं नाही. समुद्र बरोबर पाठीमागे.

शेटनी मग आपलं शेवटचं हुकमी पान काढलं. देवळाच्या पलीकडे खाली खाडी चमकत होती. ते म्हणाले, "ती खाडी काय आहे? खारं पाणी आहे. भरती येते, ओहोटी येते. मासे समुद्राचेच. म्हणजे दर्याच झाला की नाही? मग देवळाकडे चाललो तर मी दर्याकडे तोंड करूनच चाललो!"

खलाशी विचारात पडले. राघो गुरव देवळाच्या पायरीवरून म्हणाले, "खाडी हा दर्याच, हे खरं आहे."

"झालं तर!" शेट पुढे पाऊल टाकायला निघाले.

"थांबा," बुधाजी म्हणाला. "ती दर्या, आणि हा मागचा कोण?"

शेट थांबले.

"पुढे गेलात तर याला पाठ. याच्याकडे तोंड केलंत तर तिला पाठ. तुम्हीच आता म्हणालात, दोन्ही दर्या."

घासाघीस करून करून शेटनी एकाच्या जागी दोन समुद्र पदरात पाडून घेतले होते. असा सौदा नांदेरीत आधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. शेट सड्याच्या टोकाला उभे, धड पुढे नाही, धड मागे नाही. खाली गलबत दोराला बांधलेलं, घरात भागी घडी केलेली लुगडी घेऊन बसलेली. शेटच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "तू काय म्हणतेस?"

आवडाबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "कुर्ली कशी चालते?"

आणि धाकूशेट तायशेटे, तीन गलबतांचे मालक, सोवळं सावरत, पगडी सांभाळत, एका कुशीला दर्या आणि दुसऱ्या कुशीला खाडी ठेवून, साठ पावलं आडवे चालत गेले. डावा पाय बाजूला, उजवा त्याच्याजवळ. डावा बाजूला, उजवा जवळ. बुधाजी हसून हसून जमिनीवर बसला. दोन खलाशी एकमेकांना धरून उभे होते. राघो गुरवांनी गंभीर राहण्याचा प्रयत्न केला, पण गाभाऱ्यात वारा नसताना समईची ज्योत डुलत होती, आणि असं सांगतात, की ती आईच हसत होती.

शेट उंबऱ्याला टेकले. गुरवांनी कौल लावायला पाकळी चिकटवली आणि "आई, नवस..." एवढंच म्हणाले, तोच उजवी पाकळी पडली. वाक्य पुरं व्हायचीही तिने वाट पाहिली नाही.

खलाशी आरोळी देत उभ्या वाटेने खाली धावत सुटले. उतरताना समुद्र समोरच असतो, तेव्हा त्यात दोष नव्हता. पुढच्या भरतीला दोर सुटला, आणि भागीचं लग्न मुहूर्तावर लागलं. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी अंथरुणातून अक्षता टाकल्या.

पण हे सगळं होण्याआधी, खलाशी खाली गेल्यावर, शेट पाय चोळत देवळाच्या पायरीवर बसले होते. शेजारी आवडाबाई येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वादळाच्या दिवशी पुळणीवरून मीही नवस बोलले होते."

शेट दचकले. "आता तू काय बोललीस?"

"एक नारळ. म्हटलं, आई, हा माणूस सुखरूप आण, आणि एकदा, एकदाच, माझं पुरं बोलणं त्याला ऐकायला लाव."

शेटनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "एका नारळात?"

"एका नारळात."

"आणि ऐकलं किती वेळा?"

"वाटेवर अकरा. सड्यावर एकदा."

धाकूशेटनी कपाळाला हात लावला. "आवडे," ते म्हणाले, "गलबताची खरेदी उद्यापासून तू करत जा."

आजही या वाटेचा एक नियम आहे, जो पाटीवर नाही. वळणावर वळायचं ते बाईने "वळा" म्हटल्यावरच. कुणाचीही बायको, आई, बहीण, ओळखीची, अनोळखी, चालेल. पण म्हणायचं बाईने. नुसत्या पुरुषांचा घोळका आला तर त्याने पहिल्या वळणावर थांबून राहायचं. गेल्या माघात पुण्याचे चार सायकलवाले आले होते, पायात महागडे बूट, मनगटावर घड्याळं, त्यात किती दमलो तेसुद्धा दिसणारी. तातूकाकांची गोष्ट पुरी ऐकून ते वर गेले आणि पहिल्या वळणावर अर्धा तास सायकली धरून उभे राहिले. शेवटी मासे विकून वर निघालेली एक म्हातारी आली. तिने रिकामी टोपली डोक्यावरून उतरवली, चौघांना पायापासून हेल्मेटपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "वळा रे मेल्यांनो."

चौघेही वळले. समुद्राकडून.